खाजरे चट्टे : खरूज की गाजरगवत ?

ज्या घरात मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण असतो, तेथे कोणाच्याही अंगावर खाजरे चट्टे उठले की दोष त्या दुखण्यावर अथवा चालू औषधावर ठेवला जातो. क्वचित औषधही बंद केले जाते. हे घातक आहे. या विकारांत रुग्णास खाज सुटू शकते हे खरे. परंतु एकाच्या दुखण्याने दुसऱ्याच्या अंगावर चट्टे उठत नाहीत. घरातील अनेकांस खाज सुटल्यास तिचे कारण घरात किंवा शिवारात शोधावे.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावी दोन कारणांचा विचार प्रथम करावा.

खरूज : सूक्ष्म किडीमुळे होणारा हा रोग निकट स्पर्शाने पसरतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत व कमरेभोवती पुरळ येतो आणि खाज रात्री वाढते. पहिल्या लागणीत खाज सुरू होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. दुर्बल, अंथरुणास खिळलेल्या रुग्णास खाज कमी असूनही अंगावर जाड खपल्या धरतात. त्यांत असंख्य किडी असतात. अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांस लागण लवकर होते.

गाजरगवत : सन १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज सर्वत्र पसरले आहे. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने पापण्या, चेहरा, मान व कोपराची खोबण येथील त्वचा लाल होऊन खाजते. तणाच्या वाळलेल्या भुकटीनेही हा त्रास होतो. तो एकाकडून दुसऱ्यास लागत नाही. मात्र एकाच शेतात राबणाऱ्या अनेकांस होऊ शकतो. त्याच्या परागांनी दम्याच्या रुग्णांसही त्रास होतो.

उपाय : खरुजेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी, खाज नसणाऱ्यांनीही, एकाच दिवशी औषध लावावे व सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावावे. त्याच दिवशी कपडे व अंथरुणे कडक पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. उपचारानंतरही खाज काही आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे समजू नये. दुकानातील मिश्र मलमे मनाने लावू नयेत; त्यांनी रोग झाकला जातो.

गाजरगवत पावसाळ्यात, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्यास त्याचा त्रास होतो त्याने व दमेकऱ्याने हे काम करू नये. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकल्यास तणाची वाढ रोखली जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरी गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत : चट्टे अंगावर कोठे आहेत ? खाज केव्हा वाढते ? आणखी कोणास आहे ? उत्तरे लिहून रुग्णास नजीकच्या आरोग्य केंद्रात पाठवावे. जो चट्टा खाजत नाही व बधिर असतो, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी विनाविलंब करवावी. नेहमीचे औषध मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणीही थांबवू नये.