घर आपले, थाट कोणाचा?

घराच्या सजावटीचा विषय निघाला की मन आधी शेजारच्या दिवाणखान्यात डोकावते. तिथे नवा कोच आला, की आपली बैठक एकाएकी कळकट दिसू लागते! ही खोड आजची नव्हे. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. पुढे नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आल्या. स्वदेशीच्या दिवसांत, १९२२ साली निघालेल्या भारत टाइल्सने त्या मुंबईत घडवल्या. मग गुळगुळीत, चकचकीत फरशीची हौस आली आणि कित्येक घरांतून त्या लाद्या पहारीने उखडल्या गेल्या. आता तीच नक्षी लोक हौसेने शोधत फिरतात!

माकुणसारच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी निघाली, तेव्हा हा प्रश्न दारातच उभा राहिला. हा केळवे-सफाळ्याकडचा किनारपट्टीचा मुलूख. वारा खारा, आणि पावसाचे चार महिने भिंती ओल धरून बसतात. पुतण्याचे म्हणणे, ओटी काचेने बंद करावी, म्हणजे हॉल मोठा होईल.

"काकी, झोपाळ्यावर हल्ली बसतं कोण?"

"तूच! आल्या आल्या पिशवी टाकून पहिला तिथेच टेकतोस."

ओटीवर धान्य निवडले जाते, चपला न काढता आलेला माणूस दोन शब्द बोलून जातो, आणि संध्याकाळचा वारा तिथूनच आत येतो. तो काचेने अडवायचा आणि मग विजेवर गारवा विकत घ्यायचा, हा हिशेब मला पटला नाही. ओटी राहिली. झोपाळ्याच्या गंजक्या कड्या तेवढ्या काढून पितळी घातल्या. पितळेला चिंच आणि मनगट लागते. ज्यांना घासण्याचा कंटाळा त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

खरी चकमक झडली ती भिंतीवरून. सुनेला माजघरात भिंतभर वारली चौक हवा होता, तोही छापील कागदाचा. चित्रे आपल्याच जिल्ह्यातली, तेव्हा हौस वावगी नव्हे. पण चौक ही नुसती नक्षी नाही. वारल्यांच्या घरी लग्न असले, की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो काढतात, आणि त्यात पालघाट देवी बसते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला लग्नघराबाहेर कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पेरणी, मासेमारी, तारप्याभोवतीचा नाच अशी रोजच्या जगण्याची कितीतरी चित्रे वारली चित्रकार काढतात. मग लग्नातली देवी सोफ्याच्या पाठीशी कशाला?

सून थोडी हिरमुसली. पण दुसऱ्याच रविवारी एका वारली चित्रकाराकडे जाऊन तिने स्वतः तारपानाच निवडला, कापडावर, हाताने काढलेला. किंमत छापील कागदाहून जास्त पडली. तिने घासाघीस केली नाही, हे मला विशेष आवडले. कापड आतल्या कोरड्या भिंतीवर लावले आहे. पश्चिमेच्या ओलसर भिंतीला नुसता चुना दिला. दर दिवाळीला तिथे कुंचला फिरवायचे काम पुतण्याकडे लागले आहे.