दुसरा संसार, दिवसाउजेडी

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही वस्तीत जा, ही गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. बाई पन्नाशीची. नवरा जाऊन दहा-बारा वर्षे झालेली. डाळमिलात डाळ निवडून तिने पोरे शिकवली, लेकी उजवल्या. तिकडे कुणी एक मामा, हमालीने पाठ वाकलेले, बायको गेल्यापासून स्वतःच भाकरी थापणारे. विहारात वंदनेला ओळख होते, दुखण्याखुपण्याची विचारपूस सुरू होते. मग वस्तीची कुजबुज! मुलगा म्हणतो, "माय, या वयात? लोक तोंडात शेण घालतील." मामांना मात्र कोणी काही म्हणत नाही. पुरुष बिजवर झाला तर 'बिचाऱ्याच्या भाकरीची सोय झाली', आणि बाईने तेच केले तर ती चवचाल! हा न्याय कुठला?

वास्तविक आपल्या लोकांत विधवेचे दुसरे लग्न नवे नाही. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचे केस भादरले जात होते, १८५६ साली सरकारला पुनर्विवाहाचा कायदा करावा लागला, तेव्हाही आपल्यात पाट लागत होते, मोहतूर होत होते. पण कसे? रात्री, अंधारात. ना मांडव, ना वाजंत्री. त्या जोडप्याचे तोंड सवाष्णींनी पाहू नये, असा दंडक. बाईला घर मिळे, मान मिळत नसे.

आता आपल्याच घरातले उदाहरण घ्या. बाबासाहेबांचे पहिले लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लागले. रमाई तेव्हा अवघ्या नऊ वर्षांच्या. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही, असे बाबासाहेबांनी ठरवले होते आणि तेरा वर्षे ते पाळलेही. पण राज्यघटनेचे काम अंगावर, मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायांच्या वेदनांनी रात्रभर झोप नाही. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांची ओळख १९४७ साली झालेली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीच्या राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने, दोघांचे लग्न झाले. बाबासाहेबांना ५७ पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. माईसाहेब ३९ वर्षांच्या. ते प्रेम होते की सोय, असा वाद काही लोक अजून घालतात. आम्हांला तो पोरकट वाटतो. उतारवयात पथ्याचे जेवण वेळेवर पुढे ठेवणे, इन्सुलिनची सुई टोचणे, रात्री उशाशी बसून राहणे, याला दुसरे काय म्हणायचे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे.

आणि आम्ही काय केले? ६ डिसेंबर १९५६ नंतर याच बाईकडे संशयाने पाहिले. त्या वेळी त्या ४७ वर्षांच्या होत्या. चौकशीतून मृत्यू नैसर्गिक असल्याचे सरकारने सांगितले, तरी कुजबुज थांबली नाही. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या; म्हणजे ४६ वर्षे त्यांनी हे सोसले. दुसरेपणाची म्हणून आलेल्या बाईवर समाज किती लवकर बोट ठेवतो, हे आम्हांला वेगळे सांगायला नको.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. जोडीदार गमावलेल्यांपैकी कित्येकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा चूल मांडली. तेव्हा कोणी मुहूर्त विचारला नाही की वय विचारले नाही.

धम्मविधीत पहिल्या आणि दुसऱ्या लग्नात फरक नाही. तेच त्रिसरण, तेच पंचशील, तेच दोन हार, तेही भरदिवसा, सगळ्यांसमोर. मग अडते कुठे? एक तर मुलांना घराची, जागेची धास्ती. त्यांना सांगावे की, आपल्याला लागू असलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याने आईला बापाच्या मिळकतीत मिळालेला हिस्सा तिने पुन्हा लग्न केले म्हणून जात नाही, आणि मुलांचा हिस्साही कमी होत नाही. दुसरी अडचण पोटाची आहे. संजय गांधी निराधार योजनेतले विधवेचे अनुदान पुनर्विवाहानंतर बंद होते. भविष्य निर्वाह निधीची विधवा पेन्शनही थांबते. म्हणून कित्येक जोडपी नोंदणीच करत नाहीत, नुसती एकत्र राहतात. उद्या त्यांच्यातला पुरुष गेला, तर बाईच्या हातात एकही कागद नसतो. हप्ता बुडतो हे खरे, पण बाईने हिशेब मांडताना ही बाजूही धरावी आणि लेकासुनेला समोर बसवून ठरवावे.

ठरले, तर लग्न लागल्यावर नोंदणीला उशीर करू नये. तीन साक्षीदार लागतात. दोघांच्याही पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो. तो महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवावा.