हिवाळी परसबाग : कोणाच्या शेजारी कोण?



भातकापणी आटोपली की आपल्या परड्यात टोमॅटो, कोबी, मेथी, वाटाणा लावण्याची घाई सुरू होते. नाताळच्या सुमारास पाहावे तर टोमॅटोला देठाजवळ भोक आणि कोबीच्या पानांची चाळण! मग दुकानात धाव, विषारी फवारणी, आणि दोन दिवसांत तीच भाजी मुलांच्या ताटात. एके काळी आपण सर्रास फवारलेल्या एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, हे विसरू नये. योग्य झाडाशेजारी योग्य झाड लावले तर फवारणी बरीच कमी करता येते.

टोमॅटो आणि झेंडू : टोमॅटो पोखरणारी अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. तिच्या पतंगाला अंडी घालायला झेंडूची फुले फार आवडतात. म्हणून टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच वाढणाऱ्या झेंडूची एक ओळ लावावी. परड्यात एवढ्या ओळी नसतात, तेथे वाफ्याच्या कडेने झेंडू पुरे. मात्र वेळ साधली पाहिजे. लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोघे एकाच वेळी फुलतात. यासाठी झेंडूचे बी १५ दिवस आधी टाकावे. ऑक्टोबरच्या मध्याला लावणी करायची तर भात शेतात उभे असतानाच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, झेंडू पेरावा लागतो. दोन्ही रोपे एकाच वयाची लावली तर झेंडू मागे पडतो आणि अळी टोमॅटोवरच बसते.

कोबी आणि मोहरी : कोबीवरचा मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे आधी वळतात. कोबीच्या २५ ओळींच्या दोन्ही बाजूंना मोहरीची एकेक ओळ असावी. पहिली ओळ कोबी लावण्यापूर्वी १५ दिवस पेरावी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पहिली वाळू लागते तोवर दुसरी तयार होते.

येथे एक इशारा. झेंडू व मोहरी हे सापळे आहेत. सापळ्यात उंदीर सापडला आणि आपण तो उचललाच नाही, तर काय उपयोग? झेंडूची फुले वेळच्या वेळी तोडावीत, अळ्या वेचून माराव्यात, माव्याने भरलेले मोहरीचे शेंडे खुडून जाळावेत. नाहीतर तेथेच किडीची पैदास होऊन ती सगळ्या वाफ्यावर पसरेल.

कोथिंबीर आणि मेथी : कोथिंबिरीची चार झाडे न उपटता फुलू द्यावीत. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मावा खाणारे ठिपकेदार ढालकिडे येतात. हे आपले मित्र, त्यांना मारू नये. कोबीच्या दोन रोपांमधल्या जागेत मेथी पेरावी. कोबी पसरण्याआधीच, महिनाभरात, ती निघते.

वाटाणा : त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. पीक संपल्यावर वेल कापून घ्यावेत, मुळे जमिनीतच राहू द्यावीत. टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी मात्र निराळ्या, त्या सूत्रकृमींच्या. असा वाफा एक हंगाम दाट झेंडूखाली ठेवावा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडे. त्यांचे रोगही सारखे. एकामागून एक त्याच वाफ्यात लावू नयेत.

शोभेसाठी शेवंती हवीच. रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते. ओसरीवरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर फुले लांबतात. तिला अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे, तर दिवसा भरपूर ऊन आणि रात्री काळोख मिळेल अशा जागी लावावी.

शेवटी घरच्या मायबहिणींसाठी. ही जोडी ताटातही जमते. मेथी-पालकातले लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते. पालेभाजीबरोबर कच्चा टोमॅटो किंवा लिंबाची फोड द्यावी. गरोदर बाई व वाढत्या मुली यांना याची विशेष गरज आहे.

यंदा एकच वाफा असा लावून पाहा. शेजारच्या वाफ्याशी ताडून पाहिल्यावर पुढच्या वर्षी कोणी सांगावे लागणार नाही.