वानझेचा बंगला: बर्लिनच्या अभ्यासदौऱ्यात हवाच असा एक पत्ता

बर्लिनमध्ये परदेशी शिष्टमंडळ आलं की त्याचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. नॉये वाखे या युद्धबळींच्या स्मारकात पुष्पचक्र, ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो, मग राइशटागच्या काचेच्या घुमटात चढून खाली दिसणारं संसदेचं सभागृह. वेळ उरला तर ज्यू बळींच्या स्मारकातल्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून एक फेरी. या सगळ्या जागा पाहाव्यात अशाच आहेत. पण फाइलवर टिपणी लिहिणं, बैठका बोलावणं, नियमांतल्या व्याख्या ठरवणं, खात्याखात्यांत समन्वय साधणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी बर्लिनमध्ये पाहायलाच हवी अशी जागा शहराच्या नैऋत्य टोकाला, वानझे तळ्याच्या काठी आहे. आपल्याकडचे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी जर्मनीच्या अभ्यासदौऱ्यावर जातात तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत हा पत्ता असावा, असं मला मनापासून वाटतं.

शहरातून एस-७ ही लोकल थेट वानझेला जाते. वाटेत ग्रुनेवाल्ड स्टेशनवर उतरावं. इथला सतरा क्रमांकाचा लोहमार्ग आता वापरात नाही. त्याच्या दोन्ही कडांना १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर एक तारीख, त्या दिवशी नाझींनी इथून हद्दपार केलेल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कुठे गेली त्या गावाचं नाव. बर्लिनमधून पहिली गाडी सुटली १८ ऑक्टोबर १९४१ रोजी. चालत पुढे गेलं की आकडे कधी हजाराच्या घरात, कधी शंभरावर, कधी जेमतेम वीस. १९४५ च्या मार्चमध्ये, युद्ध हरल्यात जमा असतानाही, गाडी सुटल्याची नोंद आहे. हे स्मारक जर्मन रेल्वेनं स्वतः उभारलं, १९९८ साली. ज्या खात्याच्या गाड्यांनी ही वाहतूक झाली, त्याच्या वारसदारांनी ती तारीखवार मांडावी, याला मी फार मोल देतो.

वानझे स्टेशनहून ११४ नंबरची बस बंगल्याच्या फाटकाशी सोडते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका औषध कारखानदारानं बांधलेलं हे घर. पुढे बाग, मागे तळं, उंच खिडक्या. १९४० मध्ये ते एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या ताब्यातल्या एका संस्थेनं विकत घेतलं आणि तिथे एसएस-पोलिसांचं अतिथिगृह झालं.

या घरात २० जानेवारी १९४२ रोजी दुपारी एक बैठक झाली. ती बोलावली होती राइशच्या सुरक्षा कार्यालयाचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिश यानं. निमंत्रणात वेळ होती दुपारी बारा, आणि बैठकीनंतर अल्पोपाहाराची सोय असल्याचाही उल्लेख होता. पंधरा जण आले. गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे सचिव दर्जाचे अधिकारी, चॅन्सेलरीचे, नाझी पक्ष कार्यालयाचे आणि व्यापलेल्या प्रदेशांतल्या प्रशासनाचे प्रतिनिधी, शिवाय एसएसचे लोक. त्यांच्यापैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती. बैठक चालली सुमारे दीड तास.

ज्यूंचा संहार करावा की नाही हे इथे ठरलं, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. सोव्हिएत प्रदेशात लाखो ज्यूंना तोवर गोळ्या घालून मारलं गेलं होतं आणि पोलंडमध्ये खेल्म्नो इथे विषारी वायूनं मारणं डिसेंबरपासूनच सुरू होतं. वानझेची बैठक होती समन्वयाची. नेतृत्व कुणाचं, कुठल्या खात्यानं काय करायचं, कुणाची हरकत आहे का, हे तिथे पक्कं केलं गेलं. हरकत कुणाचीच नव्हती. पोलंडमधल्या प्रशासनाच्या प्रतिनिधीनं तर सुरुवात आमच्याकडून करा, अशी विनंती केली. बराच वेळ गेला मिश्र विवाहांच्या आणि त्यांतून झालेल्या मुलांच्या प्रश्नावर: कुणाला यादीत धरायचं, कुणाला वगळायचं. गृहखात्याच्या विल्हेल्म श्टुकार्टनं सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पर्याय सुचवला. प्रकरणागणिक होणारं किचकट कागदी काम वाचेल, हाही त्यामागचा एक विचार होता.

हायड्रिशच्या कार्यालयातल्या आडॉल्फ आइकमननं तयार केलेलं पंधरा पानांचं इतिवृत्त या घरात वाचायला मिळतं. त्याच्या सहाव्या पानावर देशवार तक्ता आहे. ‘अ’ गटात जर्मनीच्या ताब्यातले, ‘ब’ गटात बाकीचे. इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियापुढे आकडा नाही, तिथे ज्यू उरलेले नाहीत एवढीच नोंद आहे. बेरीज एक कोटी दहा लाखांहून जास्त. या पानांत मारण्याचा उघड उल्लेख नाही, पूर्वेकडे पाठवणी करण्याचा आहे. सरकारी टिपण वाचायची सवय असलेल्या माणसाला हा तक्ता इतरांपेक्षा जास्त हादरवतो, कारण त्याची मांडणी त्याच्या ओळखीची असते.

राजनैतिक सेवेतल्या पाहुण्यांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे. परराष्ट्र खात्याच्या वतीनं बैठकीला होता अवर सचिव मार्टिन लुथर. इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या होत्या. हाती लागली ती फक्त सोळावी, लुथरकडे गेलेली. १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या फायलींत ती न्युरेंबर्ग खटल्यांमधले अमेरिकन सरकारी वकील रॉबर्ट केम्पनर यांच्या पथकाला सापडली. याच लुथरच्या हाताखाली ‘ज्यू विषय’ सांभाळणारा फ्रान्झ राडेमाखर १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेलग्रेडला जाऊन आला होता. परतल्यावर त्यानं प्रवासखर्चाचा कागद भरला आणि प्रवासाचं कारण म्हणून बेलग्रेडमधल्या ज्यूंचा निकाल लावणं असं सरळ नमूद केलं. मुत्सद्द्यांचा या पापाशी संबंध नव्हता, असा बचाव युद्धानंतर अनेक वर्षं चालला. परराष्ट्र मंत्री असताना योश्का फिशर यांनी नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीनं २०१० मध्ये तो मोडीत काढला.

त्याच खात्यात आडाम फोन ट्रोट हाही होता. नेताजी सुभाषचंद्र बोस बर्लिनमध्ये असताना भारतविषयक कक्षाचं काम तो पाहत होता. हिटलरविरुद्धच्या २० जुलै १९४४ च्या कटात सामील म्हणून त्याला त्याच ऑगस्टमध्ये फाशी दिली गेली. एकाच खात्याच्या छपराखाली लुथरही होता आणि ट्रोटही. भारतीय पाहुण्यांना हे आवर्जून सांगायला हवं.

हे घर स्मारक होण्यासाठी मात्र पन्नास वर्षं लागली. आउशविट्झ छळछावणीतून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६५ मध्ये इथे संशोधन केंद्र काढावं म्हणून मोहीम सुरू केली. तेव्हा या बंगल्यात बर्लिनच्या शाळकरी मुलांचं सहलनिवास होतं आणि ते हलवायला प्रशासन तयार नव्हतं. वुल्फ यांनी १९७४ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. स्मारक उघडलं १९९२ च्या जानेवारीत. आता इथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. बैठकीला हजर असलेल्यांपैकी गेरहार्ड क्लोप्फर युद्धानंतर उल्म शहरात वकिली करत राहिला आणि १९८७ पर्यंत जगला. वुल्फ यांच्या वाट्याला आलेला नकार आणि क्लोप्फरचं निवांत म्हातारपण शेजारी ठेवून पाहिलं की संताप येतो, आणि तो यावाच.

या स्मारकाचं खरं वेगळेपण त्याच्या अभ्यासवर्गांत आहे. इथे प्रशासकीय कर्मचारी, पोलीस, न्यायखात्यातले लोक, परिचारिका अशा व्यवसायवार गटांसाठी सत्रं होतात. प्रत्येक गट आपल्याच पेशाचे त्या काळातले कागद वाचतो: कुणी सही केली, कुणी टाळाटाळ केली, कुणाला किती मोकळीक होती. अधिकाऱ्याला परक्याच्या गुन्ह्याची गोष्ट सांगण्यापेक्षा त्याच्याच टेबलावरचा कागद त्याच्यापुढे ठेवणं, ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

प्रदर्शन २०२० मध्ये नव्यानं मांडलं आहे, माहिती इंग्रजीतही आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शिष्टमंडळासाठी सत्र हवं असेल तर आधी कळवून ठरवावं लागतं. ग्रुनेवाल्ड धरून निदान अर्धा दिवस द्यावा. दोन बैठकांच्या मधल्या तासाभरात उरकण्याची ही जागा नाही.