शेतवाट व डांबरी सडक यांवर चालणाऱ्या मालमोटारीचे टायर

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे गाव हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. या परिसरातील सोयाबीन, हळद, केळी व ऊस यांची बरीचशी वाहतूक मालमोटारी, पिकअप गाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांतून होते. ही वाहने दिवसाचा बराच काळ डांबरी सडकेवर धावतात. परंतु माल भरण्यासाठी त्यांना सडक सोडून पाणंदीत व पुष्कळदा प्रत्यक्ष शेतात उतरावे लागते. सडकेवर उत्तम चालणारा टायर शेतात निकामी ठरतो, आणि शेतात उत्तम पकड घेणारा टायर सडकेवर लवकर झिजतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा वाहनधारक शेतकऱ्यापुढील खर्चाचा व सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

प्रथम जमिनीचा विचार करणे अवश्य आहे. कयाधू व पैनगंगा यांच्या खोऱ्यातील जमीन बहुतांशी काळी व चिकण असून ती काळ्या पाषाणाच्या झिजेपासून बनलेली आहे. तिच्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात जिला हातभर खोल भेगा पडतात, तीच जमीन परतीच्या पावसाने लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट होते. अशा जमिनीत चाक रुतते ते केवळ भारामुळे नव्हे. टायरच्या खाचांत चिखल दाटून बसतो, खाचा भरून येतात व टायर घोटीव लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागी फिरू लागते आणि प्रत्येक फेऱ्यासरशी गाडी अधिक खोल जाते. म्हणून काळ्या जमिनीसाठी टायर पाहताना नक्षी किती खोल आहे, एवढेच पाहून भागत नाही. ती नक्षी आपणहून चिखल झाडून टाकते किंवा नाही, हे पाहावे लागते. खाचा रुंद व तळाशी निमुळत्या असाव्यात आणि टायरच्या कडेला मोकळ्या सुटाव्यात, म्हणजे चाक फिरताना चिखल बाजूला फेकला जातो.

कोरड्या दिवसांतील अडचण निराळी असते. पाणंदीतील मुरूम व खडी यांच्या धारदार कडा टायर चिरतात. बाभळीचे काटे तर आहेतच. पण सर्वांत अधिक हानी कापसाची पऱ्हाटी व तूर कापल्यानंतर जमिनीत उरणाऱ्या धसकटांनी होते. तिरप्या कापलेल्या धसकटाचे टोक टायरच्या कुशीत, म्हणजे जेथे रबर सर्वांत पातळ असते तेथे, शिरते. कूस फाटलेला टायर पुन्हा भरवशाचा होत नाही. त्यामुळे शेतात जाणाऱ्या गाडीसाठी जाड कुशीचा टायर निवडणे हे नक्षीइतकेच महत्त्वाचे आहे.

नक्षीचे प्रकार

व्यवहारात नक्षीचे तीन प्रकार आढळतात. सरळ उभ्या पट्ट्यांची नक्षी, जिला बाजारात रिब म्हणतात, ती सडकेवर वळण अचूक घेते, कमी तापते व इंधन वाचविते. तिची योग्य जागा पुढील चाकांवर आहे. आडव्या उंचवट्यांची, म्हणजे लग नक्षी ओढीसाठी असते; ती मागील चाकांना बसवितात. मालमोटारीला पुढे रिब व मागे लग हा जुना प्रघात आजही शहाणपणाचा आहे. तिसरा प्रकार मिश्र नक्षीचा. त्याच्या मध्यभागी ठोकळे जवळजवळ व एकमेकांस सांधलेले असतात, तर कडेचे ठोकळे मोठे, मोकळे व कुशीवर थोडे उतरलेले असतात. सडकेवर भार मुख्यतः मधल्या भागावर येतो. चिखलात चाक बुडाले की कडेचे ठोकळे कामास लागतात. पिकअप गाड्यांसाठी मिळणाऱ्या अशा टायरांना विक्रेते ऑल टेरेन, रगेड टेरेन व मड टेरेन अशी नावे देतात. या क्रमाने खाचा रुंद होत जातात, आवाज व इंधनाचा खर्च वाढत जातो आणि ओल्या सडकेवर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याची खात्री सामान्यतः कमी होत जाते. मड टेरेन टायर दिसावयास भारदस्त असतो व तरुण चालकांना त्याचा मोह पडतो. पण केळीची गाडी रोज बाजारपेठेत नेणाऱ्यास तो क्वचितच परवडतो.

निवड करताना साधा हिशेब मांडावा. समजा, बाजारपेठ ३५ किलोमीटरवर आहे व पाणंद २ किलोमीटरची आहे. म्हणजे शंभर किलोमीटरांत सुमारे पाच किलोमीटर मातीचे व पंचाण्णव डांबराचे झाले. टायरची झीज या पंचाण्णवांत होते, परंतु गाडी अडते ती त्या पाचांत. वर्षातून चार-आठ दिवसच अडत असेल, तर सडकेचा टायर ठेवून त्या दिवशी माल टायरगाडीने अथवा ट्रॅक्टरने बांधापर्यंत आणणे स्वस्त पडते. पावसाळाभर शेतातूनच माल उचलावा लागत असेल, तर मागील चाकांना मिश्र नक्षी घ्यावी. गळीत हंगामात रोज फडात शिरणाऱ्या उसाच्या मालमोटारीस खोल लग नक्षीवाचून पर्याय नाही.

भार, वेग व हवा

टायरच्या कुशीवर कोरलेली अक्षरे वाचण्याची सवय ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना अवश्य लावावी. ९.००-२० या आकड्यांत पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा डिस्कचा व्यास इंचांत दाखवितो. मध्ये आडवी रेघ असल्यास टायर नायलॉनच्या तिरप्या थरांचा व आर अक्षर असल्यास रेडियल समजावा. पुढे १४० / १३७ असे भारांक असतात. भारांक १४० म्हणजे एकेरी चाकावर २,५०० किलो आणि १३७ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी २,३०० किलो. आता हिशेब पाहा. केंद्र सरकारने २०१८ साली चार टायरांच्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वरील प्रकारचे चार टायर मिळून केवळ ९.२ टन पेलतात. म्हणजे आस कायद्याने पूर्ण भरला, तरी टायरांवर दोन टनांहून अधिक जादा भार पडतो! अशा आसासाठी जोडचाकाचा भारांक निदान १४५ असावा लागतो. त्याचा अर्थ प्रत्येकी २,९०० किलो. भारांकानंतरचे अक्षर वेगाचे असते. जे म्हणजे ताशी १००, के म्हणजे ११०; परंतु ए ८ म्हणजे केवळ ४० किलोमीटर. ट्रॅक्टरच्या चाकांवर हे शेवटचे अक्षर वारंवार आढळते. भरली ट्रॉली महामार्गावर त्याहून वेगाने ओढणे म्हणजे टायर जाळणेच होय.

रेडियल घ्यावा की नायलॉन, याचे एकच उत्तर नाही. रेडियल टायरची कूस लवचीक व नक्षीखालचा पट्टा ताठ असतो. त्यामुळे तो सडकेवर कमी तापतो व अधिक काळ टिकतो, परंतु कुशीवरील घाव त्याला सोसत नाहीत. नायलॉनची कूस जाड असून दगड-धसकटांना ती अधिक दाद देत नाही. मात्र लांबच्या वेगवान प्रवासात हा टायर तापतो. एकाच आसावर दोन्ही जातींचे टायर कधीही बसवू नयेत. जोडचाकांपैकी एक नवा व एक झिजलेला असल्यास उंच टायरवर सर्व भार येतो व तोच आधी फुटतो.

हवेच्या बाबतीत पुष्कळ गैरसमज आहेत. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर अधिक टेकतो व कमी रुततो, हे खरे आहे. म्हणून रिकामी पिकअप चिखलातून काढताना हवा चौथाईने उतरविण्यास हरकत नाही. परंतु त्याच कमी हवेवर माल भरून सडकेवर वेग घेतल्यास कूस प्रत्येक फेऱ्यात दुमडते, रबर आतून तापते आणि मराठवाड्याच्या वैशाखात टायर फुटण्यास वेळ लागत नाही. ट्यूबच्या टायरात आणखी एक धोका असा की कमी हवेत टायर डिस्कवर सरकतो व ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो. हवा उतरवावयाची, तर ती पुन्हा भरण्याचा पंप गाडीत असलाच पाहिजे. दाब नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावा.

याच दाबाचा शेताच्या प्रकृतीशीही संबंध आहे. चाक जमिनीवर जितका दाब देते तो ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाएवढा असतो. मालमोटारीचा टायर १०० पौंडांवर भरलेला असेल, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ किलो दाब पडतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरात १४ पौंड हवा असल्यास तो १ किलोच्या आसपास राहतो. ओल्या काळ्या जमिनीतून भरलेली मालमोटार एकदा गेली, की चाकोरीखालील माती दडपून घट्ट होते, तेथे पाणी मुरत नाही व पुढील पिकाची मुळे खोल जात नाहीत. पूर्वी लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद असल्याने चाकोरी खोल पडे; रबरी चाकांच्या टायरगाडीने तो दोष पुष्कळ कमी केला. शेतातून बांधापर्यंत अशी गाडी व बांधापासून बाजारापर्यंत मोटार, ही वाटणी म्हणूनच आजही जमिनीच्या हिताची आहे. शेतात मोटार नेणे अपरिहार्यच असेल, तर ती प्रत्येक खेपेस एकाच चाकोरीतून न्यावी.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळील आलेगाव शिवारात हळदीच्या कामासाठी शेतमजुरांना नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली विहिरीत कोसळली व वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात महिला मृत्युमुखी पडल्या. त्या दुर्घटनेचा दोष टायरांवर टाकता येणार नाही. परंतु ओल्या वाटेवर, कठडा नसलेल्या विहिरीच्या बाजूने माणसे भरून ट्रॉली नेली जाते, तेथे कोणतीही नक्षी पुरी पडणार नाही, हे सांगणे प्राप्त आहे. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत.

खरेदीच्या वेळी टायरवर आय. एस. आय. चिन्ह व आय. एस. १५६३६ हा क्रमांक पाहावा. कुशीवरील चार आकडे निर्मितीचा काळ सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. उन्हात अनेक वर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याच्या रबराला बारीक तडे गेलेले असतात. मोटार वाहन नियमांनुसार मालमोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. चिखलाच्या वाटेसाठी मात्र नक्षी निम्मी झिजली की तो टायर पुढील पावसाळ्यास पुरेल, असे धरू नये. रबर चढविलेले रिमोल्ड टायर मागील चाकांना चालतात, पुढील चाकांना ते मुळीच वापरू नयेत. शेतातून सडकेवर चढण्यापूर्वी गाडी थांबवून जोडचाकांमध्ये अडकलेला दगड व खाचांत रुतलेली खडी लोखंडी सळईने काढून टाकावी. जादा चाकातील हवा महिन्यातून एकदा तपासावी व ते चाक उन्हापासून झाकून ठेवावे.