धनुष्याला दोरी कशाची लावावी?

कळमनुरीकडच्या एका पोरानं घरी केलेलं बांबूचं धनुष्य दाखवलं. काम सुरेख, पण दोरी नायलॉनची! ओढली की ताणते, बाणाचा जोर दोरीतच जिरतो.

त्यापेक्षा आपला ताग बरा. लांब, स्वच्छ धागे घ्या, त्यांचे दोन पदर करा. दोन्ही पदर एकाच दिशेनं पिळा आणि एकमेकांभोवती उलट वळा, म्हणजे पीळ सुटत नाही. वरून मधमाशीचं मेण चोळा. घायपात राठ, मला तरी नकोच. भिल्ल तर बांबूच्याच कामटीची दोरी लावतात!

दोरीच्या ताकदीचा ढोबळ हिशेब चौपटीचा: ओढ ३० पौंड असेल तर दोरीनं १२० पौंड पेलावेत.

दोरी वळणं जमत नसेल तर नवशिक्यांनी सरळ डेक्रॉनचा (पॉलिस्टरचा) धागा घ्यावा. डायनिमाचा कृत्रिम धागा मात्र नको: तो जवळपास ताणतच नाही, धक्का थेट बांबूच्या टोकांवर बसतो.

काही अडलं तर खाली विचारा, धनुष्याचा फोटोही टाका.