स्थळध्वनीची पेटी आणि धाराशिवचा मुलूख

धाराशिव जिल्ह्यात चित्रपट अथवा माहितीपट करण्याच्या उद्देशाने येणाऱ्या मंडळींनी कॅमेऱ्याची तजवीज करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची तजवीज करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या मुलखाचे वैभव डोळ्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, कानांनी घ्यावयाचे आहे. तुळजापुरास भवानीपुढे वाजणारा गोंधळ्यांचा संबळ आणि त्याच्या मागून अखंड चाललेली तुणतुण्याची तार. पावसाळ्यात बोरी नदी भरली म्हणजे नळदुर्गच्या बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या नर आणि मादी या दोन धबधब्यांचा परस्परांत मिसळून जाणारा घोष. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबापुढे होणाऱ्या जागरणातील वाघ्यामुरळींची दिमडी आणि घोळ. आणि या सर्वांहून मोलाची अशी इथल्या माणसांची बोली, जिच्यात ‘करायलास’, ‘जायलोय’ अशी क्रियारूपे सहज येतात, जिच्यावर निजामी अमदानीतील उर्दूचा संस्कार आहे आणि जी उमरग्याच्या बाजूस गेले असता कन्नडाशी शेजारधर्म पाळते, हा सारा ऐवज भिंगातून हाती लागत नाही. त्यासाठी मायक्रोफोन, लांब काठी, कानांवरचा हेडफोन आणि खांद्याला अडकविलेली एक लहानशी पेटी, एवढा सरंजाम आणि तो चालविणारा एक सावधान मनुष्य लागतो.

दुर्दैवाने हीच बोली आपल्या चित्रपटसृष्टीने कित्येक दशके चित्रीकरणाच्या जागीच टाकून दिली. बोलपटाच्या आरंभीच्या काळात, म्हणजे १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला त्या सुमारास, संवाद व गाणी दृश्याबरोबरच मुद्रित होत असत. पुढे हलके कॅमेरे घेऊन चित्रपट स्टुडिओच्या बाहेर पडला, आणि त्या कॅमेऱ्यांची घरघर इतकी मोठी असे, की जागेवर घेतलेला आवाज केवळ ‘पायलट’ म्हणून, नटाला पुढे ओठ जुळविण्यास आधार म्हणून, वापरावयाचा आणि खरे संवाद मुंबईच्या डबिंगच्या खोलीत नव्याने म्हणवून घ्यावयाचे, असा शिरस्ताच पडून गेला. त्या शिरस्त्यात सोय पुष्कळ होती, परंतु बालाघाटाची चढण चढून आलेल्या माणसाचा उखडलेला श्वास, उन्हाने कोरडा झालेला गळा, आणि अंगणात बसून बोलणाऱ्या म्हातारीच्या दोन वाक्यांमधली स्तब्धता ही वातानुकूलित खोलीत महिन्या-दोन महिन्यांनी कशी उमटावी? शब्द मराठवाड्याचे राहत, परंतु त्यांचा हेल पुण्या-मुंबईचा होई.

या शिरस्त्याला पुढे छेद गेला. ‘लगान’ (२००१) या चित्रपटात नकुल कामटे यांनी भुजच्या परिसरातील चित्रीकरणात जागेवरचाच ध्वनी घेतला, आणि मोठ्या पटावरही हे साधते याची व्यवसायास खात्री पटली. मराठीपुरता सर्वांत बोलका दाखला म्हणजे भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, ज्या वर्षी ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला त्याच वर्षी, धनगर कुटुंबाच्या भटकंतीच्या या कथेतील स्थळध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांचा गौरव झाला. मेंढरांचे कळप, उघडे माळ आणि ग्रामीण बोली या सामग्रीला देशपातळीवर ध्वनीचे पारितोषिक मिळावे, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण ती सामग्री धाराशिवच्या माळावरही तितकीच विपुल आहे.

जागेवरचे ध्वनिमुद्रण शक्य करणाऱ्या पेटीची कुळकथा सांगितलीच पाहिजे. स्टेफान कुडेल्स्की हा १९२९ साली वॉर्सा येथे जन्मलेला पोलिश तरुण महायुद्धाच्या धामधुमीत स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला, आणि विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, १९५१ च्या सुमारास, त्याने ‘नाग्रा’ नावाचे वाहून नेण्याजोगे टेपयंत्र सिद्ध केले. १९५८ चे ‘नाग्रा ३’ हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र मात्र खरे युगप्रवर्तक ठरले. टॉर्चमध्ये घालतात तसल्या बारा मोठ्या बॅटऱ्यांवर ते चाले. पाव इंची फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सोडली, तर झाकण बंद करून बसणाऱ्या पाच इंची चाकावर साधारण पाव तासाचे मुद्रण होई. कॅमेरा आणि टेप यांच्या गतीत तिळमात्र तफावत पडली तरी ओठ आणि शब्द फारकत घेतात, म्हणून कॅमेऱ्याच्या मोटारीतून निघालेला स्पंदनांचा संकेत त्याच फितीवर आवाजाबरोबर नोंदविण्याची सोय करण्यात आली. पुढे दोन्ही यंत्रांत स्फटिकाचे स्वतंत्र घड्याळ आले आणि मधली तार गळून पडली, तेव्हा ध्वनिमुद्रक मोकळेपणाने माणसांच्या जवळ जाऊ लागला. यंत्र सहा-सात किलो वजनाचे असल्यामुळे ते दिवसभर खांद्यावर वागविणे सोपे नव्हते, परंतु त्याची बांधणी इतकी काटेकोर होती, की अर्धशतकापूर्वीची कित्येक यंत्रे आजही चालू स्थितीत सापडतात.

नाग्रानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. १९८७ पासून डॅट नावाची लहान डिजिटल फीत आली आणि एका पिढीनंतर गेली. नंतर हार्ड डिस्क आणि मग बोटाच्या पेराएवढे मेमरी कार्ड आले. २०१५ चे झूमचे ‘एफ ८’ आठ मायक्रोफोन एकाच वेळी घेते आणि कॅमेऱ्याशी कालसंकेताने जुळते, तर २०१९ मध्ये त्याच घराण्यातले ‘एफ ६’ आणि साउंड डिव्हायसेसची ‘मिक्सप्री’ची दुसरी पिढी ३२ बिट फ्लोट ही पद्धत घेऊन आली. जे यंत्र एके काळी मोठ्या निर्मितिसंस्थेच्या दप्तरी नोंद करून, पावती देऊन मिळावयाचे, त्याहून अनेक अंगांनी समर्थ यंत्र आज तालुक्याच्या गावातील होतकरू तरुण स्वतःच्या मालकीचे करू शकतो.

या मुबलकतेमुळेच निवड कठीण झाली आहे. खरेदीस निघालेला मनुष्य प्रथम किती ट्रॅक, किती बटणे, किती बिट हे विचारतो, आणि माझ्या मते तेथेच चुकतो. पैशांची वाटणी करताना पहिला मान मायक्रोफोनला द्यावा, दुसरा वाऱ्यापासून त्याचे रक्षण करणाऱ्या आवरणाला, तिसरा कान पूर्ण झाकणाऱ्या प्रामाणिक हेडफोनला, आणि उरलेल्या रकमेत पेटी बसवावी. पेटीतही पाहावयाचे ते तिच्या प्रीॲम्पची शांतता. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करताना जे यंत्र स्वतःची सळसळ त्यात मिसळते, ते रात्री शेतावरच्या खोपीत हळू आवाजात बोलणाऱ्या शेतकऱ्याचे बोलणे टिपण्यास अपात्र होय. यासाठी दुकानात यंत्र सुरू करून, गेन, म्हणजे आवाज वाढविण्याचे प्रमाण, पुरता चढवून, काही न बोलता नुसते ऐकावे. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देण्याची सोय आणि घट्ट बसणारी एक्सएलआरची तोंडे असावीत, हे सांगण्याचीही गरज नसावी.

विजेचा प्रश्न मात्र या भागात गौण मानता येत नाही. वाडी-वस्तीवर वीज कोणत्या प्रहरी असेल याचा नेम नसतो, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि फँटम पुरवठा सुरू ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून ज्या पेटीला बाजारात कोठेही मिळणारे साधे पेन्सिल सेल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि मोबाइलची पॉवर बँक असे तीनही अन्न पचते, तिला मी झुकते माप देईन. उन्हात पेटीवर पांढरे फडके टाकावे, आणि उन्हाने तापलेल्या बंद मोटारीत ती कदापि ठेवू नये.

आता तुळजापूरचा गोंधळ घ्या. संबळाची एक बाजू खर्जाची आणि एक चढी. वाकड्या काठीचा घाव पडला म्हणजे आवाज एकाएकी असा उसळतो, की क्षणापूर्वी कथा सांगणाऱ्या गोंधळ्याच्या बोलण्यासाठी लावलेला गेन पार अपुरा ठरतो आणि मुद्रण फाटते. जुन्या ध्वनिमुद्रकाचे बोट यासाठी सतत गेनच्या बटणावर असे आणि गाण्याची चाल पाठ असल्याखेरीज ते बोट वेळेवर हलत नसे. ३२ बिट फ्लोटने ही चिंता पुष्कळ कमी केली, कारण कुजबूज आणि गर्जना दोन्ही एकाच फाइलीत अभंग राहतात व पातळी मागाहून लावता येते. तथापि या सोयीने बेसावध होऊ नये. मायक्रोफोनच जर आपल्या मर्यादेपलीकडे दबला, तर पुढची पेटी कितीही उदार असली तरी फाटलेला आवाज सांधला जात नाही. सेन्हायझरचा सुप्रसिद्ध ‘एमकेएच ४१६’ सुमारे १३० डेसिबल सोसतो आणि आर्द्रतेलाही सहसा दबत नाही, म्हणून बाहेरच्या कामात तो इतका रूढ झाला आहे. परंतु असा लांब नळीचा मायक्रोफोन मंदिराच्या दगडी ओवरीत नेला, तर चारी भिंतींवरून परतणारा नाद त्याला गोंधळवितो. तेथे आखूड हायपरकार्डिऑइड जवळ धरलेला बरा. आणि गोंधळाचे संपूर्ण चित्र हवे असेल, तर एक मायक्रोफोन गायकाच्या मुखाजवळ, एक संबळापासून चार हात दूर आणि एक जोडी श्रोत्यांच्या बाजूने, असे तीन वेगळे हिस्से घ्यावेत; उदोकार उठतो तेव्हा तो त्या जोडीतच खरा ऐकू येतो.

वाऱ्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण परजिल्ह्यातून येणारी पथके बहुधा येथेच हरतात. बालाघाटाच्या पठारावर झाडी विरळ आहे, आणि दुपारनंतर वारा सुटला म्हणजे तो मायक्रोफोनच्या पडद्यावर थेट थाप मारतो. हा गडगडाट हवेच्या दाबाचा असतो, कानाला तो प्रत्यक्षात ऐकू येत नाही आणि हेडफोन नसेल तर घरी जाईपर्यंत पत्ताही लागत नाही. स्पंजची टोपी घरात ठीक. माळावर जाळीच्या पिंजऱ्यात मायक्रोफोन रबराच्या झुल्यावर टांगून वर लांब केसांचे आवरण चढविल्याशिवाय एक वाक्यही घेऊ नये. ८० हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टर लावावा, बोलणाऱ्यास वाऱ्याकडे पाठ करून बसवावे, आणि शक्य तर भिंतीचा किंवा बाभळीच्या कुंपणाचा आडोसा शोधावा.

नळदुर्गला अडचण निराळ्या जातीची. १६१३ साली, इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, बोरी अडवून बांधलेल्या त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि सांडवा वाहत असताना तेथे उभे राहून बोलणाऱ्याचे शब्द त्या घोषात बुडून जातात. अशा जागी अंतराचा नियम आठवावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून बूम, म्हणजे लांब काठीवरचा मायक्रोफोन, वितीवर आणणे हा कोणत्याही महाग यंत्राहून खात्रीचा उपाय आहे. पाणी स्वतंत्रपणे, जोडीच्या मायक्रोफोनने, निवांत चार-पाच मिनिटे घ्यावे. आणखी एक हिशेब येथे उपयोगी पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि चित्रपटाची चौकट सेकंदाला २४ वेळा बदलते. म्हणजे १४ मीटरवरून घेतलेला आवाज चित्राच्या एक चौकट मागे पडलेला असतो. दूरवरून वाजणाऱ्या हलगीच्या टिपरीशी हात जुळत नाहीत, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कपड्यात लपविण्याचा लेपल मायक्रोफोन खेड्यातील बायाबापड्यांना बूमपेक्षा कमी बुजवितो, हे खरे. परंतु नऊवारीच्या पदराची घासट आणि गळ्यातील डोरल्याची किणकिण त्यात स्वच्छ येते, तेव्हा तो लावण्याचे काम पथकातील स्त्रीने, विचारून, पुरेसा वेळ घेऊन करावे. यात्रेच्या गर्दीत हजारो मोबाइल एकाच वेळी चालू असतात आणि स्वस्त बिनतारी संच तेथे मध्येच मुके होतात. अशा दिवशी तारेवर विश्वास ठेवावा. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सर्वांनी गप्प उभे राहून त्या जागेची नुसती हवा एक मिनिट मुद्रित करावी, कारण संकलनात दोन वाक्ये जोडताना मधली फट त्या हवेनेच बुजते.

अशा चिकाटीने घेतलेल्या आवाजाचे मोल काय असते, हे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संदर्भात दाखवून दिले आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या आधी हाताने लिहून घेतल्या, आणि नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने हजारो ओव्या गाणाऱ्या बायांच्या कंठातून मुद्रित झाल्या. लिहिलेल्या ओवीत अर्थ राहतो. मुद्रित ओवीत दळणाऱ्या हाताचा वेग, ओळीच्या शेवटी टाकलेला उसासा आणि शेजारणीने उचललेला दुसरा सूर राहतो. तो संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून कोणालाही ऐकता येतो.

धाराशिवमध्ये जे चित्रपटासाठी मुद्रित होते, त्यातील मिनिटभर चित्रपटात जाते आणि तासन् तास कोणाच्या तरी डिस्कवर बेवारस पडते. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटच्या एका ट्रॅकचा एक तास अवघ्या ५२० मेगाबाइटांत मावतो. तेव्हा जागेची सबब चालणार नाही. प्रत्येक फाइलीस गाव, तारीख, गाणाऱ्याने संमती दिलेले नाव आणि वाद्य यांची नोंद जोडावी, दोन वेगळ्या डिस्कांवर प्रती ठेवाव्यात, एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यावी, आणि एक जिल्ह्यातच जमा करावी. तेरला, संत गोरोबाकाकांच्या गावी, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे आणि तेथे सातवाहनकाळापासूनच्या मातीच्या मूर्ती जपून ठेवल्या आहेत. त्याच वास्तूत एक खोली, दोन संगणक आणि ऐकण्यासाठी चार हेडफोन यांचा बंदोबस्त झाला, तर संबळाचे, जागरणाचे आणि उमरग्याच्या बोलीचे मुद्रण शाळेतल्या मुलांना बसून ऐकता येईल. शासनाने आणि चित्रपटवाल्यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी मागणी आहे.